बेसाइड हायस्कूलचा पुनर्जन्म

एनबीसी या अमेरिकन दूरचित्रवाणी संस्थेने १९८९ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेली आणि १९९३ पर्यंत चाललेली ‘सेव्ह्ड बाय द बेल’ ही शालेय जीवनावरील विनोदी मालिका, तिचा मूळ बालप्रेक्षक चाळिशीच्या आसपास पोहोचला असताना, २५ नोव्हेंबर २०२० रोजी त्याच नावाने, त्याच शाळेत आणि बऱ्याच अंशी त्याच नटनट्यांसह पुन्हा अवतरली. तिच्याकडे करमणुकीच्या अंगाने पाहिले जाणे, म्हणजे विनोद साधला की नाही, जुने चेहरे अजून ओळखू येतात की नाही, नवी मुले जुन्यांच्या तोडीची आहेत की नाहीत याची चर्चा होणे, हे स्वाभाविकच होते, आणि ते प्रश्न क्षुल्लक आहेत असे मी म्हणत नाही. परंतु त्या चर्चेच्या मागे एक असा प्रश्न उभा आहे की ज्याच्याशी भरतखंडातील वैदिक, बौद्ध आणि जैन दार्शनिक शतकानुशतके झुंजत आले, आणि एका शनिवार-सकाळच्या मालिकेने तो इतक्या स्वच्छ रूपात आपल्यापुढे ठेवावा ही गोष्ट मला चिंतनाच्या योग्यतेची वाटते. मरून पुन्हा जन्मलेली वस्तू तीच असते काय? आणि तीच असेल, तर पूर्वजन्मी तिच्या हातून जे घडले त्याचा जाब तिने द्यावा काय?

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी कैफियत दिली पाहिजे. कॅलिफोर्नियातील पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यालगतच्या पॅलिसेड्स परिसरात बेसाइड नावाचे एक काल्पनिक हायस्कूल आहे. तेथे झॅक मॉरिस हा देखणा, हजरजबाबी आणि कोणत्याही संकटातून युक्तीने निसटणारा विद्यार्थी नायकपदी आहे. त्याची भूमिका मार्क-पॉल गोसेलार या नटाने, आपले मुळातले गडद केस सोनेरी रंगवून, केली. त्याच्याभोवती स्क्रीच, लिसा, केली, जेसी आणि स्लेटर हे पाच सवंगडी, वर मुख्याध्यापक मि. बेल्डिंग, आणि शाळा सुटल्यावर सर्वांनी जमण्याचे ‘द मॅक्स’ हे उपाहारगृह. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, आणि त्या अर्ध्या तासात उपस्थित झालेला पेच तेवढ्यातच निकालात निघालेला. पीटर एंगेल हे तिचे कार्यकारी निर्माते श्रद्धावान ख्रिस्ती गृहस्थ होते, आणि मुलांच्या मालिकेने मुलांना काही सांगितले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता, हे तिच्या कित्येक भागांतून स्पष्ट दिसते. अभ्यासाच्या ताणाने गोळ्यांच्या आहारी गेलेली जेसी, मैदानाखाली तेल सापडल्याने होणारा तळ्यातील जीवांचा संहार, मादक द्रव्यांचा मोह, असे विषय तिने हाताळले. जेसीचा तो १९९० मधील भाग आजही स्मरणात राहिलेला आहे. त्यात मुळात उत्तेजक अमली द्रव्य योजले होते, परंतु संस्थेच्या नियंत्रकांनी हरकत घेतल्याने त्याच्या जागी कॅफीनच्या गोळ्या आल्या, असे एंगेल यांनी २०१६ च्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे. हेतू शुद्ध असूनही कृतीला काळाच्या आणि मालकांच्या मर्यादा पडतात, एवढी नोंद येथे करून ठेवतो. तिचा उपयोग पुढे होईल.

आता गंमत अशी, आणि हीच या मालिकेला तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने विशेष महत्त्व देते, की २०२० चा जन्म हा तिचा पहिला पुनर्जन्म नव्हेच. बेसाइडच्या आधी ‘गुड मॉर्निंग, मिस ब्लिस’ नावाची मालिका १९८८-८९ साली डिस्ने वाहिनीवर झाली होती. ती घडत होती इंडियाना संस्थानातील इंडियानापोलिस शहरी, आणि तिचा केंद्रबिंदू होती हेली मिल्स या अभिनेत्रीने रंगवलेली एक शिक्षिका. ती बंद पडली. एनबीसीने तिच्यातील झॅक, स्क्रीच, लिसा आणि मि. बेल्डिंग एवढ्यांना उचलून, शिक्षिकेला गाळून, दोन हजार मैलांवरच्या सागरतीरी आणून बसवले, आणि हे स्थलांतर का व कसे झाले याचा खुलासा कथेने कधीच केला नाही. पुढे पुनःप्रक्षेपणाची वेळ आली तेव्हा जुन्या मिस ब्लिसचे भागही नव्या मालिकेच्या नावाखाली दाखवण्यात आले, आणि त्यांच्या आरंभी मोठा झालेला झॅक येऊन, ही आपल्या लहानपणीची हकीकत आहे, असे प्रेक्षकांना सांगू लागला. आपल्या पुराणांत ज्याला जातिस्मर म्हणतात, म्हणजे ज्याला पूर्वजन्मीचे स्मरण राहिले आहे, त्याचे इतके शब्दशः चित्रण दुसरीकडे क्वचित सापडेल. स्मरणाच्या एका धाग्याने दोन देह जोडले गेले, आणि पहिल्या देहाचे मूळ नाव पुसले गेले.

एवढ्यावरही हे थांबले नाही. मालिकेच्या शेवटच्या काळात केली आणि जेसी या दोन नायिका काही भागांतून नाहीशा होतात व त्यांच्या जागी टोरी नावाची मुलगी वावरते. परंतु पदवीदानाच्या भागात त्या दोघी हजर आणि टोरी मात्र कोठेच नाही. करारमदार आणि चित्रीकरणाचा क्रम हे त्याचे लौकिक कारण. पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्याच शाळेत, त्याच वर्षी, परस्परांना कधीही न भेटणारे दोन कालप्रवाह वाहत होते, आणि तरीही कोणत्याही मुलाला ही शाळा निराळी आहे असे वाटले नाही. नैयायिकांना ज्याचे मोठे अगत्य त्या ‘प्रत्यभिज्ञे’चे, म्हणजे ‘हा तोच’ अशा ओळखीचे, बळ किती दांडगे असते ते यावरून कळावे.

या ओळखीसंबंधी आपल्याकडे देवदत्ताचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पूर्वी एका गावी, एका वयात पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी, दुसऱ्या वयात समोर येतो, आणि आपण म्हणतो की हा तोच. तेव्हाचा देश-काळ आणि आताचा देश-काळ यांचा मेळ बसणे अशक्य, म्हणून वेदान्ती म्हणतात की ते दोन्ही सोडून द्यावे आणि जे निखळ उरते त्याच्यावर बोट ठेवावे. जुन्या मालिकेला नवे रूप देऊ इच्छिणाऱ्या लेखकापुढे हाच व्यवहार प्रत्यक्ष करायचा असतो: १९९० चे कपडे, १९९० चे समज, १९९० ची भाषा ही उपाधी म्हणून टाकायची, आणि टाकून टाकून जो उरेल त्याला बेसाइड म्हणायचे. पण टाकण्याची क्रिया कोठे थांबवावी? सोनेरी केस टाकता येतात. झॅकची लबाडी टाकली तर झॅक उरतो काय? ब्रह्माच्या बाबतीत सर्व उपाधी गळून पडल्यावर सत्य उरते अशी वेदान्त्यांची ग्वाही आहे. विनोदी मालिकेच्या बाबतीत सर्व उपाधी गळून पडल्यावर एका शाळेची इमारत आणि एक घंटा एवढेच उरण्याचे भय आहे.

शिवाय न्यायसूत्रांनी प्रत्यभिज्ञेचा उपयोग वस्तूच्या एकत्वापेक्षा द्रष्ट्याचे एकत्व सिद्ध करण्यासाठी केला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जे मी पूर्वी डोळ्यांनी पाहिले तेच आता हाताने स्पर्शितो, ही जाणीव व्हायला पाहणारा आणि स्पर्श करणारा एक असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. जुन्या मालिकेचा पुनर्जन्म ज्याला हवा असतो तो चाळिशीचा गृहस्थ बेसाइडच्या भिंतींत खरोखर कशाचा शोध घेत असतो याचे उत्तर मला या सूत्रात दिसते. झॅक तोच आहे काय हे विचारताना तो, दहाव्या वर्षी शनिवारी सकाळी हे पाहून हसणारा जो मुलगा होता तो अद्याप मी आहे काय, असे विचारीत असतो. त्या गृहस्थाच्या या ओढीची थट्टा करणे मला अनुचित वाटते. आपण क्षणाक्षणाला नष्ट होत आहोत ही शंका ज्याच्या मनाला एकदा तरी शिवली आहे, त्याला जुनी ओळखीची वस्तू पुन्हा पाहावीशी वाटणे हे अगदी मानवी आहे.

बौद्धांनी मात्र ही शंका भय म्हणून न ठेवता सिद्धान्त म्हणून स्वीकारली. त्यांच्या मते प्रत्येक क्षणी सर्वच मरते आणि सर्वच नवे जन्मते. नित्य असा आत्मा कोणी नाही. मग कर्माचे फळ कोणी भोगायचे? हा पेच सागल नगरीच्या मिलिंद राजाने भिक्षू नागसेनापुढे टाकला, आणि त्यावर नागसेनाने दिलेला दृष्टान्त आपल्या विषयाला इतका नेमका लागू पडतो की तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. एका माणसाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडला गेल्यावर तो म्हणाला की मालकाने लावला तो आंबा वेगळा होता आणि मी तोडले ते आंबे वेगळे, तेव्हा मी त्याचे काही चोरले नाही. राजा म्हणतो, तरीही तो दंडास पात्र आहे. कारण मालकाने जे लावले त्यापासूनच हे आंबे झाले. त्याचप्रमाणे, नागसेन म्हणतो, पुढच्या जन्मीचे नामरूप आधीचे नसले तरी आधीच्यापासूनच उद्भवलेले असते, म्हणून ते पूर्वकर्मातून सुटत नाही. नित्य आत्मा नाकारूनही उत्तरदायित्व न नाकारणारा हा विचार मला बौद्ध दर्शनाच्या सर्वांत उदात्त विचारांपैकी एक वाटतो.

आता झॅक मॉरिसच्या पूर्वकर्माचे दफ्तर उघडावे लागेल. ते दफ्तर खरोखरच कोणी तरी लिहून ठेवले होते. २०१७ च्या सुमारास डॅशिएल ड्रिस्कॉल या लेखकाने एक छोटी चित्रमालिका सुरू केली. तीत जुन्या मालिकेचा एकेक भाग घेऊन, त्यात झॅकने कोणाची फसवणूक केली, कोणाचा अपमान केला, कोणाच्या विश्वासाचा घात केला, याची कलमवार नोंद वाचून दाखवली जाई. तिची भाषा हास्याची असली तरी काम चित्रगुप्ताचे होते. एका भागात झॅक शाळेतील पोहणाऱ्या मुलींची, त्यांना कळू न देता, छायाचित्रे काढून त्यांची दिनदर्शिका विकतो. त्या मुलींना राग येतो, पण कथा तो राग फार काळ टिकू देत नाही. दुसऱ्या एका भागात, आपल्या पूर्वजांत अमेरिकेचे आदिवासी होते असे आढळल्यावर, तो पिसांचा मुकुट धारण करून व्यासपीठावर उभा राहतो. त्या भागाचा हेतू आदर व्यक्त करण्याचा होता याविषयी मला संशय नाही. परंतु ज्या लोकांच्या भूमीवर सारी अमेरिका वसली त्यांची संस्कृती एका शाळकरी मुलाच्या वेशभूषेत आटोपण्यात जो उथळपणा होता, तो हेतूच्या शुद्धतेने भरून निघत नाही. नव्या मालिकेच्या कर्त्यांनी याच ड्रिस्कॉलला आपल्या लेखकवर्गात सामील करून घेतले. फिर्याद मांडणाऱ्यालाच दप्तरी बसवण्याचा हा निर्णय फार थोड्या संस्था घेतील, आणि त्याबद्दल त्या कर्त्यांविषयी मला खरा आदर वाटतो.

नव्या मालिकेची सूत्रधार होती ‘थर्टी रॉक’ या विनोदी मालिकेच्या लेखनाने नावारूपास आलेली ट्रेसी विगफील्ड. तिने कल्पिलेली रचना अशी: झॅक मॉरिस आता कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला आहे. पंच्याहत्तर डॉलरचा वाहनतळाचा दंड चुकवण्याच्या खटपटीत तो निवडणुकीस उभा राहिला आणि निवडून आला. गरीब वस्त्यांतील अनेक शाळा त्याच्या कारभारात बंद पडतात, गदारोळ उठतो, आणि त्यातून सुटका म्हणून तो त्या मुलांना संपन्न शाळांत धाडण्याचा हुकूम काढतो. अशा रीतीने डग्लस हायस्कूलची डेझी, आयशा आणि डेव्हान्टे ही मुले बेसाइडच्या दारी येतात. तेथे झॅक आणि केली यांचा मुलगा मॅक आणि जेसीचा मुलगा जेमी आधीच सुखाने नांदत आहेत. स्लेटर व्यायामशिक्षक आहे, जेसी विद्यार्थ्यांची समुपदेशक. ज्या मुलीला जुन्या बेसाइडच्या पटावर जागाच मिळाली नसती अशी लेक्सी ही परलिंगी मुलगी येथे शाळेची राणी आहे, आणि ती भूमिका करणारी जोसी टोटा स्वतः परलिंगी असून मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक आहे. जुन्या बेसाइडने जो प्रश्न चार पर्वांत एकदाही विचारला नाही, की एवढी प्रशस्त, प्रकाशित, निश्चिंत शाळा काहींच्याच वाट्याला का यावी, तो येथे कथेचा पाया झाला. पूर्वजन्मीच्या सुखाचा हिशोब दुसऱ्या जन्माच्या पहिल्याच दिवशी मागितला गेला.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणणे अगदीच निराधार नाही, की बापाच्या चुका मुलाच्या माथी का? आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार विलक्षण बारकाईने केला आहे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानणारे याज्ञवल्क्य त्यातून काही ऋणे वगळतात: मद्यासाठी, कामासाठी, द्यूतासाठी केलेले कर्ज आणि दंड वा शुल्क यांची थकलेली बाकी पुत्राने फेडू नये. त्यांच्या स्मृतीवरील मिताक्षरा टीकेच्या द्वारा हा विचार व्यवहारात रुजला, आणि पुत्रावरील हे बंधन भारतीय कायद्याने २००५ सालच्या दुरुस्तीपर्यंत काही ना काही रूपात मान्य केले होते. या न्यायाने झॅकच्या फसवणुकीची, त्याच्या हौसेची, त्याच्या न भरलेल्या दंडाची बाकी मॅकने का द्यावी? आणि व्यापक अर्थाने, नव्या मालिकेने जुनीची का द्यावी?

याचे उत्तर माझ्या मते नावात आहे. नव्या मालिकेने दुसरे नाव घेतले असते, दुसरी शाळा बांधली असती, तर ती जुनीची कन्या ठरली असती आणि याज्ञवल्क्यांची सूट तिला मिळाली असती. तसे तिने केले नाही. एनबीसीच्या मालकांना २०२० च्या जुलैत सुरू केलेल्या ‘पीकॉक’ या नव्या प्रसारण-सेवेसाठी ओळखीच्या नावाची गरज होती. त्या नावाभोवती साठलेला जिव्हाळा त्यांना हवा होता. ज्याला पूर्वीच्या यशाची वसुली स्वतःच्या नावे करायची आहे, त्याला पूर्वीच्या अपयशाच्या तगाद्यापुढे ‘तो मी नव्हेच’ असे म्हणता येणार नाही. तो पुत्र म्हणून उभा नाही, तोच देवदत्त म्हणून उभा आहे. आंबे आपल्या नावाने बाजारात नेणाऱ्याने रोप कोणाचे हे विसरून चालत नाही.

पुनर्जन्मात हिशोब कसा चुकवावा याचे आपल्या वाङ्मयातील सर्वांत थोर उदाहरण विदर्भातील पद्मपुराच्या भवभूतीने घालून दिले आहे. आठव्या शतकाच्या सुमारास ‘उत्तररामचरित’ रचताना त्याच्यापुढे रामकथा होती, आणि तिच्यात सीतेच्या त्यागाचे ते दारुण प्रकरण होते. ते तो गाळू शकला असता. राम तोच ठेवायचा म्हणून त्याने ते गाळले नाही. त्याने रामाला दंडकारण्यात परत नेले, सीतेला अदृश्य रूपाने त्याच्या शेजारी उभे केले, आणि रामाचा शोक तिच्या कानी पडू दिला. शंबुकाच्या वधाच्या प्रसंगी त्याचा राम स्वतःच्याच हाताला निष्ठुर म्हणून दूषण देतो. अखेर दोघांची भेटही त्याने घडवली. तेथे पूर्वकथेचा दोष दाखवणारा कवी आहे, पण तो दोष भोगणारा स्वतः राम आहे. या कसोटीवर नवे बेसाइड कमी पडते, हे मी स्पष्टपणे म्हणतो. येथे कर्त्यांनी झॅकचा न्याय केला, पण झॅकला बहुतांशी पूर्वीसारखाच गोड, निश्चिंत आणि कोडगा ठेवला. तो हास्याचा विषय झाला, अनुतापाचा झाला नाही. ज्याने केले त्याला ते उमगावे, ही कर्मसिद्धान्तातली सर्वांत अवघड आणि सर्वांत आशेची गोष्ट तेथे घडता घडता राहून गेली.

परंतु एका बाबतीत नव्या मालिकेने जे केले ते मला फार खोल वाटते. जुन्या मालिकेत झॅकला एक अलौकिक सामर्थ्य होते: तो दोन हातांनी खूण करी आणि सारा काळ थांबे, बाकीचे सर्व जागच्या जागी निश्चल होत, आणि तो एकटा प्रेक्षकाकडे वळून बोले. मुंडकोपनिषदात एका वृक्षावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. भोक्ता आणि साक्षी यांची ती जोडी. झॅक एकाच वेळी दोन्ही होऊ पाहत होता. पण साक्षीपणाचा प्राण जी अलिप्तता, ती त्याच्याजवळ नव्हती. थांबवलेल्या काळाचा उपयोग तो आपला पुढला डाव रचण्यासाठी करी, आणि प्रेक्षकाला त्या डावात भागीदार करून घेई. लहान मुलांना तो प्रिय झाला तो याच भागीदारीमुळे, कारण काळ थांबवता यावा ही इच्छा कोणत्या मुलाला झालेली नाही? मात्र त्या निश्चल झालेल्यांच्या रांगेत ज्यांना फसवायचे होते तेही उभे असत, आणि त्यांना त्या क्षणी वाचा नव्हती.

नव्या मालिकेत प्रेक्षकाशी बोलण्याचा आणि काळ थांबवण्याचा तो अधिकार मॅकच्या, म्हणजे वारसाच्या, हाती राहिला नाही. तो डेझीकडे गेला. शाळा बंद झाल्यामुळे जिला दुसऱ्याच्या शाळेत यावे लागले, गव्हर्नरच्या हुकमाचा परिणाम जिने भोगला, तिला साक्षीचे आसन मिळाले. रूप तेच, युक्ती तीच, केवळ द्रष्टा बदलला. आणि द्रष्टा बदलताच तेच बेसाइड, तीच मार्गिका, तेच ‘द मॅक्स’ निराळ्या अर्थाने उजळून निघाले. जुन्या वस्तूत काय ठेवावे आणि काय टाकावे याच्या वादात आपण नेहमी दृश्याचाच विचार करतो. द्रष्ट्याच्या जागी कोण बसला आहे हे बदलले, तर दृश्यातले थोडेच टाकावे लागते, असे या प्रयोगाने मला शिकवले. त्याच्या जोडीने आणखी एक बदल झाला. जुनी मालिका प्रेक्षकांच्या हशासह ऐकू येई. झॅकची लबाडी झाली की हशा पिके, आणि घरी बसलेल्या मुलाला निवाडा आयता मिळे. नव्या मालिकेत तो हशा काढून टाकला गेला. काय हसण्याजोगे आणि काय नाही हे ठरवण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर आली, आणि नीतीच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हे.

तथापि जुन्या कर्माचा झाडा घेणाऱ्याच्या हातून नवे कर्म घडायचे थांबत नाही. संचित फेडता फेडता क्रियमाण साठत जाते, हा कर्मसिद्धान्ताचा इशारा या मालिकेवर पहिल्याच पर्वात खरा ठरला. गायिका सेलेना गोमेझ हिच्यावर मूत्रपिंड-प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली होती. त्या दुखण्यावर या मालिकेने विनोद केला. लोक संतापले, कर्त्यांनी क्षमा मागितली, रुग्णांच्या साहाय्यासाठी देणगीची तयारी दर्शवली. ज्यांनी तीस वर्षांपूर्वीच्या विनोदातील निष्ठुरता इतक्या सूक्ष्म नजरेने टिपली होती, त्यांनाच स्वतःच्या विनोदातील निष्ठुरता लेखनाच्या मेजावर दिसली नाही. यात मला त्यांचा ढोंगीपणा दिसत नाही. आपल्या काळाचे अज्ञान आपल्याला अज्ञान म्हणून दिसतच नाही, ते स्वाभाविक वाटते, आणि १९९० च्या एंगेलना जे दिसले नाही तेही याच न्यायाने दिसले नव्हते. म्हणूनच मागच्या पिढीच्या दोषांचा झाडा घेताना वाणीत थोडी नम्रता असावी, आणि विगफील्डच्या मालिकेत जेथे ती आहे, जेसी आणि स्लेटर यांच्या थकलेल्या, प्रेमळ प्रौढपणात ती निश्चित आहे, तेथे ती सर्वांत जिवंत झाली आहे.

पुनर्जन्माची ही सारी भाषा कलाकृतीला लागू पडते, देहधारी माणसाला ती लावताना जीभ अडखळते. स्क्रीचची भूमिका करणारा डस्टिन डायमंड नव्या मालिकेच्या पहिल्या पर्वात नव्हता. कथेने स्क्रीचला अंतराळ-स्थानकावर धाडून त्याच्या अनुपस्थितीची व्यवस्था लावली होती. १ फेब्रुवारी २०२१ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने डायमंड वारला. तो ४४ वर्षांचा होता. मिस ब्लिसच्या वर्गापासून, म्हणजे अगदी पोरवयापासून, त्याचे नाव या एका भूमिकेशी बांधले गेले होते, आणि जुन्या सोबत्यांशी त्याचे संबंध पुढे दुरावले होते. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी ते सोबती ‘द मॅक्स’मध्ये एकत्र जमून त्याचे स्मरण करतात. झॅकला तेथे काळ थांबवता येत नाही. पहिल्या पर्वात स्क्रीचसाठी निदान एक दुरून आलेली हाक, एक निरोप ठेवता आला असता असे मला वाटत राहते. कलाकृतीला तिसरा, चौथा जन्म मिळू शकतो, आणि याच कारणाने जिवंत असलेल्या माणसाविषयीची तिची जबाबदारी अधिक निकडीची होते, कारण त्याची मुदत तिच्या हाती नसते.

या मालिकेने पुनर्जन्माचा दुसरा मार्गही चोखाळून पाहिला होता, त्याचा उल्लेख थोडक्यात केला पाहिजे. १९९३ ते २००० अशी सात पर्वे ‘द न्यू क्लास’ नावाने तीच शाळा, तेच मुख्याध्यापक आणि पुष्कळदा तीच जुनी कथानके नव्या मुलांच्या तोंडी घालून चालवली गेली. देह तसाच राखला, स्मरण मात्र राखले नाही. नव्या मुलांपैकी कोणालाच मागचे काही आठवत नव्हते, म्हणून त्यांना काही फेडायचेही नव्हते. ती मूळ मालिकेपेक्षा अधिक वर्षे टिकली. ज्या मालिकेने स्मरण राखले आणि त्याची किंमत दिली, ती वीस भागांनंतर २०२२ साली बंद झाली. दीर्घायुष्य हे पुण्याचे गमक असते तर हा निकाल उलटा लागायला हवा होता. पण आयुर्मर्यादा आणि गुण यांचा असा सरळ संबंध आपल्या शास्त्रांनीही लावलेला नाही, आणि प्रसारण-संस्थांच्या जमाखर्चाकडून तो अपेक्षिण्यात अर्थ नाही. बेसाइडचे नाव अजून त्याच मालकांच्या दप्तरी आहे. ते पुन्हा कोणाच्या तरी हाती जाईल, आणि ज्याच्या हाती जाईल त्याला झॅकची दिनदर्शिका आणि पिसांचा मुकुट यांच्याबरोबर सेलेना गोमेझच्या दुखण्यावरचा तो विनोद, आणि एका सोबत्याला वेळेवर न घातलेली हाक, हीसुद्धा आपल्या खाती घ्यावी लागेल.